नखभर मागे

मसावाहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर
ओल्या गोणपाटात मासे होते, पाण्याचे दोन कॅन,
आणि तेवोल्डेचं मत.
मत असं, की ही गाडी आता विकावी.

दोगालीचा पूल ओलांडला, चढ लागला,
आणि बॉनेटखालून आवाज आला,
पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे
कुणी हलवून बघावेत तसा.
पाय काढला की गप्प.
पाय दिला की पुन्हा.

"रॉड गेले," तेवोल्डे म्हणाला.
इंजिनातलं त्याला एवढंच एक नाव येतं
आणि दर दोन वर्षांनी तो ते वापरतो.

मी बोलले नाही.
ही फियाट माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
हिचं टायमिंग मी स्वतः लावलंय, अस्मारात, दारासमोर,
रविवारची घंटा थांबेपर्यंत वाट बघून,
कारण कानाशिवाय माझ्याकडे दुसरं यंत्र नव्हतं.
तिथे ती शिवणयंत्रासारखी चालते.

माई अतालला रस्त्याकडेला हुमेद बसतो.
बाभळीची सावली, एक पेटी, उलटं ठेवलेलं टायर.
"बंद करू नका," म्हणाला.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
नाडी बघणाऱ्यासारखा म्हणणार होते,
पण वैद्य फार बोलतात.
हा भिंतीपलीकडचं भांडण ऐकणाऱ्या
शेजाऱ्यासारखा होता.

एकेका प्लगची वायर काढली, लावली.
खोल ठोका कुठेच नाही.
"बेअरिंग शाबूत."
तेवोल्डे मासे बघायला गेला.

मग बोटावर पेट्रोल घेऊन वास:
रॉकेल नाही, पण हलकंच.
मग प्लग उन्हात धरला.
पांढऱ्या चिनीमातीवर बारीक ठिपके,
मिरपूड भुरभुरावी तसे, त्यातले काही चंदेरी.
"हा पिस्टन," तो म्हणाला, "चिमूट चिमूट जातोय."

"टायमिंग कुठे लावलंत?"
"घरी. अस्मारात."
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
"बरोबर लावलंय. तिथलं."

वर हवा विरळ, आग आळशी,
म्हणून ठिणगीला घरून लवकर निघावं लागतं.
इथे समुद्राची हवा, दाट, मिठाची,
आणि ठिणगी त्याच घाईत:
पिस्टन अजून जिना चढतोय
आणि हिने गुडघ्याला बाशिंग बांधलेलं.
दोघांची धडक होते ती जिन्यात.
तेच आपले हरभरे.

"तुम्ही गेलायत कधी वर?" मी विचारलं.
"एकदा. दोन रात्री झोप नाही.
छातीला फार लवकर निघावं लागतं तिथे."

जुन्या जागी त्याने खिळ्याने रेघ ओढली,
नट ढिला केला, डिस्ट्रिब्यूटर फिरवला.
किती? नखभर. नखाच्या पांढऱ्या कडेइतका.
तिथे दुसरी रेघ.
पन्नास नाकफा मागितले.
तेवोल्डेने चाळीस दिले, वरचे दहा मी.

गिंडापर्यंत मी रेडिओ लावला नाही.
गिअर मुद्दाम उशिरा बदलले, पाय दाबून धरला,
डब्यात काही उरलंय का ऐकत.
काही नव्हतं.
टायर, वारा, आणि माशांवर ठिबकणारं पाणी.

नेफासितनंतर ती जड झाली,
जेवून उठलेल्या माणसासारखी.
अरबारोबाला धुकं. गाडी कडेला घेतली,
दहाचा पाना काढला.
तेवोल्डे न सांगता खाली उतरला,
आणि टॉर्च धरली, नेमकी हवी तिथे.

दोन रेघा.
एक आमच्या घराची, एक समुद्राची,
मधे एवढंसं अंतर
की त्यात शंभर किलोमीटर आणि सगळी वळणं
कशी मावली कळेना.
नट ढिला होता. हात गरम होत होता.

"मधेच ठेव," तेवोल्डे म्हणाला.
"मधे?"
"जूनमध्ये पुन्हा खाली जायचंच आहे ना."

मी टॉर्च त्याच्या तोंडावर वळवली.
तो मासे हुंगत होता.
"चल लवकर," म्हणाला, "वास सुटायला लागला."